८३ की ८५ : मुलाच्या बुद्ध्यंक चाचणीचे सहा महिने

११ ऑगस्टला शाळेतून फोन आला. "मनूबद्दल बोलायचं होतं, दोघंही आलात तर बरं." मनू हे त्याचं घरातलं नाव, इथेही तेच वापरते. तेव्हा तो साडेआठ वर्षांचा होता. वर्गशिक्षिकेने त्याच्या वह्या पुढ्यात ठेवल्या. वाचताना ओळ सुटते, लिहिताना अक्षरं गळतात, फळ्यावरचं निम्मं उतरवून होतं तोवर फळा पुसला जातो. तोंडी विचारलं तर मात्र बऱ्याचदा त्याला सगळं कळलेलं असतं. शाळेत वाचनाचा मदतवर्ग आहे, आठवड्याला चार तासांचा. त्यात घ्यायचं तर मानसशास्त्रज्ञाचा अहवाल लागतो आणि अहवालात बुद्ध्यंक, म्हणजे आयक्यू, लागतो.

बुद्ध्यंक कशाला, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. घशात हुंदका होता आणि लवकर बाहेर पडायचं होतं. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं जरूर करा: त्याच बैठकीत प्रवेशाचा नियम लेखी मागा. आम्हाला तो कळला तीन महिन्यांनी, नकाराच्या पत्रातून.

मग फोनाफोनी. एका सार्वजनिक संस्थेत चार महिन्यांची प्रतीक्षायादी होती. खाजगी केंद्रात पाच आठवड्यांनंतरची वेळ मिळाली, पण तिथली फी आमच्या दीड महिन्याच्या घरभाड्याइतकी. आम्ही खाजगी निवडलं आणि दोन हप्त्यांत पैसे भरले. हप्त्यांची सोय आहे का, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणखी एक विचारून घ्या: या फीमध्ये अहवाल समजावून सांगण्याची बैठक धरलेली आहे का? आमच्यात होती, आणि अख्ख्या प्रक्रियेतला तोच सगळ्यात उपयोगी तास ठरला.

१९ सप्टेंबरला फक्त आई-वडिलांची मुलाखत. त्याआधी चौदा पानांचा फॉर्म भरायचा होता. गरोदरपण, जन्माच्या वेळचं वजन, पहिला शब्द कधी, चालला कधी, कानाचे आजार, डोळे, झोप, घरात कोणाला वाचनाची अडचण होती का. नवऱ्याने शेवटच्या प्रश्नापुढे बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग "मला" असं लिहिलं. दहा वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं.

याच मुलाखतीत चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी विचारलं, "घरी कोणती भाषा?" मराठी, मी म्हटलं. शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यांनी ते टिपून घेतलं आणि सांगितलं की चाचणी इंग्रजीत होईल, कारण त्यांच्याकडे असलेल्या चाचणीची मानकं इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांवर काढलेली आहेत. मानकं म्हणजे काय, तर चाचणी आधी हजारो मुलांना देतात, प्रत्येक वयाची मुलं साधारण किती गुण मिळवतात ते पाहतात आणि आपल्या मुलाचे कच्चे गुण त्या तक्त्याशी ताडून बघतात. सरासरी १०० वर बसवलेली असते, प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेले असतात ते, १५. म्हणून साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. बुद्ध्यंक हा वजनासारखा एकट्या मुलाचा आकडा नाही, रांगेतली जागा आहे. आणि रांगेत कोण उभं आहे, यावर जागा ठरते. मला हे तेव्हा ऐकू आलं, पण कळलं नाही.

२७ सप्टेंबर, पहिली बैठक. मनूला काय सांगायचं, हा मोठाच प्रश्न होता. मॅडमनी सुचवलेलं तसंच सांगितलं: "काही कोडी असतील, काही ठोकळे, काही प्रश्न. काही सोपे असतील, काही मोठ्या मुलांसाठीचे. नाही आलं तर 'नाही येत' म्हणायचं." ओळखीच्या एका आईने इंटरनेटवरचे नमुना प्रश्न सोडवून घ्यायला सांगितलं होतं. आम्ही ते केलं नाही, तुम्हीही करू नका. चाचणी मुलाला प्रश्न पहिल्यांदा दिसतोय असं धरून बनवलेली असते. सराव करून गेलेल्या मुलाचा आकडा वाढतो, पण त्याचा अर्थ उरत नाही, आणि मदतीची गरज असलेलं मूल मदतीशिवाय राहतं.

सव्वा तासाने तो बाहेर आला तो रडवेला. "मला काहीच नाही आलं. आणि त्या हसल्या पण नाहीत." माझ्या काळजात चर्र झालं. नंतर कळलं की चाचणीची रचनाच तशी आहे. बहुतेक भागांत प्रश्न कठीण होत जातात आणि मूल लागोपाठ काही प्रश्न चुकेपर्यंत थांबायचं नसतं. म्हणजे अशा प्रत्येक भागाचा शेवट मुलासाठी न येण्यानेच होतो. परीक्षकाने "बरोबर", "छान" असंही म्हणायचं नसतं, नाहीतर एका मुलाला मिळालेली उब दुसऱ्याला न मिळाल्याने तुलना बिघडते. हे मुलाला आधी सांगून ठेवता येतं. मी नव्हतं सांगितलं. दुसऱ्या बैठकीच्या आधी सांगितलं आणि तो खूपच सैल मनाने गेला.

ती दुसरी बैठक ४ ऑक्टोबरला. आदल्या रात्री त्याला सर्दी होती, झोप नीट झाली नव्हती. तारीख हुकली तर पुन्हा तीन आठवडे, या भीतीने आम्ही नेलं. वेगाचे भाग त्या दिवशी होते: चिन्हं ओळखून पटापट खुणा करायच्या. आज मी त्या दिवशी त्याला नेलं नसतं. तीन आठवडे परवडले असते.

अहवाल तीन आठवड्यांत देऊ म्हणाले होते, आला १३ नोव्हेंबरला. सोळा पानं. मी रस्त्यात उभ्या उभ्या उघडला आणि नजर थेट रकान्यावर गेली: एकूण बुद्ध्यंक ८३. शेजारी १३. मला वाटलं शंभरापैकी तेरा गुण. घरी पोचेपर्यंत मी रडत होते. ते शततमक होतं. त्याच्या वयाच्या शंभर मुलांत साधारण तेरा मुलांचे गुण त्याच्याइतके किंवा त्याहून कमी, असा त्याचा अर्थ. तरीही दुखलंच. पण तेरा टक्के मार्क आणि तेरावं शततमक या फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा गोंधळ जवळपास प्रत्येक पालकाचा होतो असं मॅडम नंतर म्हणाल्या. अहवाल एकट्याने उघडू नका. समजावण्याच्या बैठकीपर्यंत धीर धरवत असेल तर तिथेच उघडा.

ती बैठक २० नोव्हेंबरला झाली. मॅडमनी पहिल्यांदा एकूण आकड्यावर हात ठेवून तो झाकला आणि आतले पाच आकडे दाखवले. शब्द आणि भाषेचं आकलन ७६. आकार आणि जागेची समज १०५. नवं तर्ककोडं सोडवणं ९७. ऐकलेलं-पाहिलेलं डोक्यात धरून ठेवणं ८२. कामाचा वेग ७७. "या पाच आकड्यांत एकोणतीसचा फरक आहे," त्या म्हणाल्या. "त्यांची गोळाबेरीज करून काढलेला ८३ यातल्या कोणत्याच मनूसारखा दिसत नाही."

मग त्यांनी आणखी एक पान उलटलं, जे माझ्या नजरेतून सुटलं होतं. नियमाप्रमाणे चाचणी पूर्ण झाल्यावर त्यांनी भाषेच्या भागातले चुकलेले काही प्रश्न मराठीत विचारून पाहिले होते. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्याला येत होती. शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगताना तो अडला होता, मराठीत त्याने उदाहरणासकट सांगितला. हे गुण आकड्यात धरता येत नाहीत, कारण मानकं काढताना बाकीच्या मुलांना ही मुभा नव्हती. पण शब्दांत नोंदवता येतात, आणि त्यांनी नोंदवले होते. चाचणीआधीच परीक्षकांना विनंती करा की घरची भाषा वेगळी असेल तर शेवटी असं करून पाहाल का. फार थोड्या पालकांना हे मागता येतं हे माहीत असतं.

२५ नोव्हेंबरला शाळेचं उत्तर आलं. मदतवर्गासाठी बुद्ध्यंक किमान ८५ हवा. ८३ असल्याने प्रवेश देता येत नाही.

ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल. नियमामागचा विचार असा की वाचनाची अडचण "अनपेक्षित" असली पाहिजे. बुद्धी सरासरीची आणि वाचन मात्र मागे, तर ती अध्ययन अक्षमता. बुद्धीच कमी असेल तर वाचन मागे असणं अपेक्षितच, मग खास मदत कशाला? ७० च्या खाली असता तर वेगळ्या तरतुदी होत्या. मनू मधल्या पट्ट्यात पडला, जिथे कोणतंच दार नाही. ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याला वाचायला शिकवण्याआधी तो पुरेसा हुशार आहे का ते तपासायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

नवरा म्हणाला, "असल्या चाचण्या बंदच व्हायला हव्यात." मी पुढच्या रात्री वाचनात घालवल्या, कारण मला भांडायचं होतं आणि चुकीच्या मुद्द्यावर भांडायचं नव्हतं.

वाचताना पहिला धक्का बसला तो सुरुवातीचाच. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली उपयोगी बुद्धिचाचणी केली ती मदतीची गरज असलेली मुलं शोधण्यासाठी. बुद्धी ही कायमची ठरलेली वस्तू आहे, या समजाला बिनेचा विरोध होता. सरावाने, शिकवण्याने ती वाढते असं तो मानत असे. पुढे चाचणी अमेरिकेत गेली, १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुईस टर्मनने तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली, पहिल्या महायुद्धात सतरा लाखांच्या आसपास सैनिकांना गटागटाने चाचण्या दिल्या गेल्या. त्या गुणांवरून कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये युरोपातल्या कोणत्या वंशाचे लोक कमी बुद्धीचे, याचे निष्कर्ष काढले. १९३० मध्ये त्याने स्वतःच ते मागे घेतले. वेगवेगळ्या भाषेत वाढलेल्यांची अशी तुलना करता येत नाही, हे त्याने मान्य केलं. मनूच्या अहवालातलं ते मराठी उत्तरांचं पान मला त्या रात्री पुन्हा उघडावंसं वाटलं. आपल्याकडे हा प्रश्न फार आधी ओळखला गेला होता, याचंही बरं वाटलं: धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणीचं कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी रूपांतर केलं होतं.

दुसरा धक्का उलट दिशेचा. कॅलिफोर्नियात १९७९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कृष्णवर्णीय मुलांना मंदबुद्धींच्या वर्गात घालण्यासाठी बुद्ध्यंक चाचणी वापरणं अन्यायाचं आहे. पुढच्याच वर्षी इलिनॉयमधल्या दुसऱ्या न्यायाधीशाने चाचणीतले प्रश्न एकेक करून स्वतः तपासले आणि त्याला फार थोडेच प्रश्न पक्षपाती वाटले. तीच चाचणी, उलट निकाल. आणि डेव्हिड कार्ड व लॉरा जिउलियानो या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास तर मी नवऱ्याला बसवून वाचून दाखवला. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात हुशार मुलांच्या वर्गासाठी आधी शिक्षक आणि पालक नावं सुचवत. मग दुसरीतल्या सगळ्याच मुलांना प्राथमिक चाचणी द्यायला सुरुवात झाली, आणि गरीब, कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांची निवड लक्षणीय वाढली. माणसांच्या नजरेतून सुटलेली मुलं चाचणीने दाखवली. आमच्याही घरात तेच झालं होतं. मनूचा १०५ दोन वर्षांत कोणा शिक्षिकेला दिसला नव्हता, खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. तो चाचणीने दाखवला. म्हणून "चाचणी बंद करा" हे माझं म्हणणं राहिलं नाही.

माझा मुद्दा सापडला तो मापनाच्या चुकीत. कोणतंही मोजमाप पुन्हा केलं तर थोडं इकडेतिकडे होतं. चांगल्या बुद्ध्यंक चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजल्यावर तसेच गुण येण्याचं माप, ०.९६ च्या आसपास असते. १ म्हणजे अचूक, तेव्हा ही फारच चांगली. तरीही हिशेब केला तर प्रमाणत्रुटी, म्हणजे एका मोजणीत साधारण होणारी चूक, तीन गुणांची येते, आणि ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर दोन्ही बाजूंना साधारण सहा गुण सोडावे लागतात. मनूच्या अहवालात हे छापलेलंच होतं, ८३ च्या खाली बारीक अक्षरात: ७८ ते ८९. शाळेची ८५ ची रेघ त्या पट्ट्याच्या आतूनच जात होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हॉल विरुद्ध फ्लोरिडा खटल्यात हेच म्हटलंय. तिथे प्रश्न फाशीचा होता. कैद्याचा बुद्ध्यंक ७१ आला होता आणि बौद्धिक अक्षमतेमुळे फाशीतून सूट मिळायला राज्याची रेघ ७० ची होती. मापनातली चूक धरल्याशिवाय एका आकड्यावर असा निर्णय करता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

हे सगळं मी शाळेला लिहिलं नाही. पत्र एका पानाचं ठेवलं. त्यात मागणी इतकीच: निर्णय ८३ वर न घेता ७८ ते ८९ या पट्ट्यावर घ्यावा, पाच भागांतला फरक आणि भाषेबद्दलची नोंद विचारात घ्यावी, नियमाची लेखी प्रत आणि फेरविचाराची पद्धत कळवावी. स्वर शांत ठेवला. पहिला मसुदा रागाचा होता, तो रात्रभर ठेवून सकाळी फाडला. पत्र ५ डिसेंबरला दिलं आणि पोच घेतली. पोच नक्की घ्या. पुढे "पत्र मिळालंच नाही" असं मला एकदा ऐकावं लागलं आणि शिक्क्याची प्रत कामाला आली.

त्याच दिवशी मॅडमना पुरवणी अहवाल मागितला. त्यांनी तो जास्तीचे पैसे न घेता ११ दिवसांत दिला. अडीच पानांत त्यांनी लिहिलं की भागांमधल्या तफावतीमुळे एकूण आकडा या मुलाचं वर्णन म्हणून वापरू नये. तीच चाचणी लगेच पुन्हा द्यावी का, असं मी विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. प्रश्न ओळखीचे झालेले असतात, वाढलेला आकडा कोणाला पटणार नाही. त्याऐवजी शब्दांविना सोडवायची आकृत्यांची वेगळी चाचणी सुचवली. ती १० जानेवारीला झाली, तासाभरात. या वेळी पुरेशी झोप, सर्दी नाही. आकडा आला ९८.

हा आकडा पाहून आनंद झाला, पण त्यालाही मी जपूनच धरते. आकृत्यांच्या चाचण्या संस्कृतीपासून मुक्त असतात असं म्हणतात, तसं नाही. जेम्स फ्लिन या संशोधकाने १९८७ मध्ये चौदा देशांतले आकडे मांडले, तेव्हा पिढीगणिक सर्वांत जास्त वाढ नेमकी अशाच चाचण्यांत दिसली. एका पिढीत जन्मजात बुद्धी इतकी वाढत नाही, भोवतालचं जग बदलतं. याच कारणाने जुनी मानकं वापरली तर आकडा फुगून येतो. म्हणून मानकं कोणत्या साली आणि कोणत्या मुलांवर काढली, हे विचारायला लाजू नका. मॅडमनी मला साल आणि तपशील दोन्ही दाखवले. ९८ खरा आणि ८३ खोटा, असं मी म्हणत नाही. दोन वेगळे प्रश्न विचारले गेले, दोन उत्तरं आली.

२ फेब्रुवारीला शाळेच्या समितीपुढे गेलो. चार जण होते. पुरवणी अहवालाच्या चार प्रती करून नेल्या होत्या, ते बरं केलं, कारण दोघांनी मूळ अहवाल पाहिलेलाच नव्हता. एका सदस्याने विचारलं, "८३ चालवला तर उद्या ८१ वाला येईल. कुठेतरी रेघ ओढावीच लागते ना?" प्रश्न प्रामाणिक होता आणि मला तो आवडला. जागा थोड्या आहेत, मुलं जास्त आहेत, हे मलाही दिसतं. मी म्हटलं, "रेघ ओढा, पण मोजपट्टीची चूक जेवढी आहे तेवढी जाड ओढा. त्या जाडीत जी मुलं येतील त्यांची वही बघा, वाचन ऐका, आणि मग ठरवा." ८१ वाल्याचीही वही बघा, हेही म्हटलं. त्याचे आई-वडील कदाचित पत्र लिहू शकणार नाहीत. मला वेळ होता, दीड महिन्याचं भाडं बाजूला काढता आलं, अहवाल वाचायची भाषा येत होती. चाचणी सगळ्यांना सारखी असली तरी तिच्या आधीचं आणि नंतरचं काही सारखं नसतं, आणि हे मला त्या खोलीत बसल्यावर सगळ्यात जास्त टोचलं.

समितीने मनूला आत बोलावलं, एक उतारा वाचायला दिला. तो अडखळला, तीनदा ओळ चुकला. मग त्याच उताऱ्यावर प्रश्न विचारले, त्याला वाचून दाखवून. त्याने सगळी उत्तरं दिली.

निर्णय १२ फेब्रुवारीला हातात आला. मदतवर्गात सहा महिन्यांसाठी तात्पुरता प्रवेश. परीक्षेत जास्तीचा वेळ मात्र नाकारला, त्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचाय. ८५ चा नियम शाळेने बदललेला नाही. "विशेष बाब म्हणून" हे शब्द पत्रात दोनदा आहेत, आणि ते मला खटकतात. मी नियमाबद्दल वेगळं पत्र दिलंय, त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून नाही.

मनूने मधे एकदा विचारलं होतं, "मला किती मार्क पडले?" आकडा सांगायचा नाही हे आम्ही ठरवलं होतं. मॅडमनीच त्याला कागदावर पाच डोंगर काढून दाखवले, दोन उंच, तीन बुटके. ठोकळ्यांचा डोंगर सगळ्यात उंच. तो कागद त्याने टेबलाशेजारी चिकटवलाय. शब्दांच्या डोंगराच्या पायथ्याशी त्याने स्वतः एक शिडी काढली आहे.

मदतवर्गाच्या बाई दर शुक्रवारी एका मिनिटात त्याने किती शब्द बरोबर वाचले ते लिहून पाठवतात. पहिल्या शुक्रवारी ३१ होते, गेल्या शुक्रवारी ३८. मी त्या चिठ्ठ्या अहवालाच्याच फायलीत लावते, ८३ च्या पानावर. आढावा ऑगस्टमध्ये आहे.